दुसऱ्या पाण्याचा रस

आई, शनिवारी मी प्रभुभोजनाचा उकळता रस जावयाच्या पायांवर ओतला. मुद्दाम ओतला. हात निसटला वगैरे काही नाही. तसं मी बाकीच्यांना सांगितलेलं नाही आणि तुला तर मुळीच सांगणार नाही. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तुझी आठवण काढून रडले पुष्कळ, पण तुला काही कळवावं असं कधी वाटलं नाही. तुझा स्वभावच तसा होता. चांगली बातमी आणली तर 'बरं' म्हणायचीस, आणि वाईट आणली तर 'मग तू काय केलंस?' म्हणून विचारायचीस. आज पहिल्यांदा त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर आहे, म्हणून लिहायला बसले. ईस्टर कालच झाला. स्वयंपाकघरातल्या फरशीच्या सांध्यांत अजून लाल ओघळ दिसतो, घासूनही जात नाही, आणि ओट्याखाली मुंग्या लागल्या आहेत.

कवठे महांकाळच्या अलीकडे, आपल्या गावात, हा रस तूच करायचीस. हंगामात तू बेदाण्याच्या शेडवर निवडायला जायचीस, आणि हंगाम संपला की शेडचा मालक काळ्या मनुक्यांचं मोठं पुडकं तुझ्या ओटीत टाकायचा. 'घ्या मावशी, तुमच्या देवाला,' म्हणायचा. आपल्या चर्चच्या मंडळीत प्रभुभोजनाला बाजारचा द्राक्षारस चालत नसे, कारण त्यात दारू, आणि दारूनं आपल्या निम्म्या घरांचं काय केलं होतं ते सगळ्यांना माहीत होतं. म्हणून मनुके. शनिवारी सकाळी तू ते धुऊन भिजत घालायचीस, दुपारी जर्मनच्या पातेल्यात चुलीवर चढवायचीस, आणि फुगून फुटायला लागले की धोतराच्या फडक्यात बांधून पिळायचीस. मग त्या रसाला परत एक उकळी, म्हणजे तो आंबत नाही. तू पिळताना मी समोर बसायचे आणि मला तुझ्या हातांची भीती वाटायची. दात आवळलेले, मानेची शीर फुगलेली, फडक्याला असा पीळ घालायचीस की जणू कुणाची मान सापडली आहे. पहिला रस चर्चच्या बाटलीत जायचा. नंतर त्याच चोथ्यावर पुन्हा पाणी घालून तू दुसरा रस काढायचीस, पातळ, फिकट, आणि त्यात गूळ घालून मला द्यायचीस. एकदा बाटली पूर्ण भरेना म्हणून मी म्हटलं, हाच ओत की त्यात. तू फटकारलंस, 'द्येवाच्या मेजावर पयल्या पान्याचा. दुसऱ्या पान्याचा घरात.' तो तुझा नियम होता आणि तू तो कधी मोडला नाहीस.

आणि तो रस तू स्वतः पीत नव्हतीस. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळी मंडळी मेजापुढे गुडघे टेकायला उठायची आणि तू शेवटच्या बाकावर, दाराजवळच्या चपलांशेजारी, डोक्यावर पदर घेऊन बसून राहायचीस. बायका म्हणायच्या, किती नम्र आहे ही. नम्र आणि तू! मला हसू यायचं. पण खरं कारण मला ठाऊक होतं, कारण ते ज्या दिवशी घडलं त्या दिवशी मी घरात होते.

आपल्यात रीत होती, अजून आहे, की मनात अढी ठेवून प्रभूच्या मेजापाशी जायचं नाही. म्हणून आदल्या शनिवारी चर्चचे पाळकसाहेब आणि पंच भांडणाच्या घरी जायचे, दोघांचे हात एकमेकांच्या हातात द्यायचे, दोघांकडून 'माफ केलं' म्हणवून घ्यायचे, प्रार्थना करायचे, चहा प्यायचे आणि निघायचे. समेट म्हणायचे त्याला. बांधावरून भांडलेल्या भावाभावांसाठी रीत चांगलीच आहे. पण तिच्यात बडवणारा आणि मार खाणारी एकाच मापात मोजली जातात. आप्पा पलटणीतून पेन्शनीवर आलेले. दिवसा इस्त्रीचा सदरा घालून अंगणात बसायचे, येणाऱ्याजाणाऱ्याला 'सलाम, सलाम' करायचे, आणि संध्याकाळी कॅन्टीनची बाटली उघडली की पट्टा काढायचे. पितळी बक्कल मोकळं सोडून मारायचे. एकदा तुझी पाठ फुटलेली बघून शेजारणीनं पंचांच्या कानावर घातलं. पंच आले. त्यांनी विचारलं आणि तू खरं ते सांगितलंस. पाळकसाहेब म्हणाले, 'बाई, प्रभूनं आपल्याला किती माफ केलं आहे. म्हणा.' तू म्हणालीस. दुसऱ्या दिवशी तुम्ही दोघं शेजारी शेजारी गुडघ्यांवर होतात आणि एकाच प्याल्यातून प्यायलात. मला इतका आनंद झाला होता, आई, की घरी येईपर्यंत मी उड्या मारत होते.

त्याच दुपारी, मटणाचं जेवण झाल्यावर, आप्पा दाराला कडी घालतात. 'पंचास्नी घरातलं सांगतीस व्हय गं?' असं म्हणतात, अगदी सावकाश. तुझे केस धरतात आणि डोकं चौकटीवर आपटतात. परत. परत. मी जात्याला चिकटून उभी आहे. चौकटीचा आवाज आधी कोरडा येतो, नंतर ओला येतो. तुझ्या डाव्या कानातून रक्त मानेवर, मानेवरून चोळीत उतरतंय. तू ओरडत नाहीस, देवाचा धावा करत नाहीस. एवढंच म्हणतेस, 'आवं, आत्ता प्यालो की आपन. आत्ता प्यालो की.' त्या कानानं तुला पुन्हा कधी ऐकू आलं नाही.

पुढच्या वेळी पट्टा निघाला तेव्हा तू पाट्यावर वाटण वाटत होतीस. तू वरवंटा उचललास आणि त्यांच्या गुडघ्यावर घातलास. हाड फुटल्याचा आवाज मी ऐकला आहे, लिहितानाही तो ऐकू येतो. ते खाली पडले, गुरासारखे ओरडायला लागले, आणि तू वरवंटा दुसऱ्यांदा उचललास, त्यांच्या डोक्याच्या वर धरलास, आणि तसाच धरून उभी राहिलीस. वरवंट्यावरचं हिरवं वाटण आप्पांच्या कपाळावर गळत होतं. मग तू तो पाट्यावर ठेवलास आणि राहिलेलं वाटण वाटायला बसलीस. आप्पा मरेपर्यंत लंगडत चालले आणि लोकांना सांगत राहिले की पलटणीत लागलं. त्या दिवसापासून त्यांनी तुझ्या अंगाला हात लावणं सोडलं, आणि तू प्याल्याला.

माझं दृढीकरण ठरलं, पहिल्यांदा मेजापाशी जायची माझी वेळ आली, तेव्हा मी तुला शहाणपण शिकवायला गेले. पाळकसाहेबांच्या वर्गात शिकलेलं सगळं डोक्यात ताजं होतं. म्हटलं, 'आई, करून टाक की माफ एकदाचं. नुसतं म्हणायचं तर असतं.' तू अशी लगावलीस की माझं कानातलं निखळून चुलीच्या राखेत पडलं. 'मानसाला खोटं सांगितलं तर सांगितलं. त्येला न्हाई सांगायचं,' तू म्हणालीस. 'मी माफ केल्यालं न्हाई. जवा करीन तवा जाईन.' मी गाल धरून विचारलं, 'आणि नाहीच झालं तर?' तू राखेतून कानातलं शोधून काढलंस, पदराला पुसलंस आणि माझ्या हातात दिलंस. 'तर न्हाई जानार. रस तरी करती न्हवं?' आप्पा गेले तरी तू गेली नाहीस. शेवटच्या दुखण्यात पाळकसाहेब प्याला घेऊन तुझ्या खाटेपाशी आले आणि तू तोंड भिंतीकडे फिरवलंस. लोक म्हणाले, बाईला शुद्ध नव्हती. शुद्ध होती. माझा हात तुझ्या हातात होता आणि तू तो कचकचून दाबला होतास.

लग्न होऊन मी साताऱ्याला निघाले तेव्हा तू ते जर्मनचं पातेलं आणि पिळायचं फडकं मला दिलंस. लोक लेकीला कुकर देतात. तुझ्या धाकानं म्हण की स्वभावानं म्हण, माझा नवरा देवमाणूस निघाला. औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात राबला, कधी आवाज चढवला नाही, आणि तसाच आवाज न करता गेला. इथल्या चर्चचा रस मी करायला लागले. तुझ्याच पद्धतीनं, पहिल्या पाण्याचा. फरक एवढाच की मी तो पीत होते, कारण मला कुणाला माफ करायचंच नव्हतं. आता कळतं की माझा विश्वास म्हणजे बऱ्याच अंशी नशिबानं मिळालेली चांगली माणसं होती.

तुझ्या नातीला तू रांगताना पाहिलंस तेवढंच. तिचा नवरा आपल्याच मंडळीतला, चर्चमध्ये गिटार वाजवतो, गळा गोड, भजनात डोळे मिटले की बायकांच्या डोळ्यांना पाणी. फेब्रुवारीत त्यानं तिचा जबडा मोडला. तिच्या मोबाईलवर कुणाचा तरी मेसेज आला, एवढं कारण. दरवाजात बोटं सापडावी तसं तिचं तोंड त्यानं कपाटाच्या दारात धरलं आणि दार लाथेनं लावलं. दवाखान्यात वरचे आणि खालचे दात तारेनं एकमेकांना बांधलेत. तेव्हापासून ती माझ्याकडेच आहे; पेज, दूध, डाळीचं पाणी, सगळं स्ट्रॉनं. बोलते ती दातांच्या फटीतून. पोलिसात तक्रार दिली आहे, ती तिनंच दिली, कागदावर लिहून.

आणि माझी प्रार्थना गेली. गेली म्हणजे पार गेली. गुडघे टेकले की तोंडात शिव्या यायच्या, अशा शिव्या की आप्पांनी पलटणीतही ऐकल्या नसतील. एकदा पेज गाळताना एक शीत स्ट्रॉत अडकलं, लेक ओढत राहिली, ओढत राहिली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी मांडणीवरचे डबे एकेक करून भिंतीवर मारले. तांदूळ, डाळ, साखर, सगळं खाली. मग डोकं भिंतीवर मारलं. देवाला म्हटलं, तुझा तर मुलगा तिसऱ्या दिवशी तुला परत मिळाला, तू मला काय शिकवतोस! माझ्या लेकीचा जबडा तिसऱ्या दिवशी सांधला नाही! मंडळीतल्या बायका येऊन सांगायच्या, काकू, विश्वास धरा. अगं बायांनो, धरायलाही हातात बळ लागतं. काही दिवस मी सकाळी अंथरुणातून उठूच शकत नव्हते; लेक येऊन माझ्या पाठीवर हात ठेवायची आणि नाकातून, हं हं करत, लहानपणी मी तिला म्हणून दाखवायचे ते गीत गुणगुणायची. ते ऐकलं की मला त्या माणसाचा गळा दाबावासा वाटायचा. हा माझा विश्वास, आई, हा असा होता.

तरी शनिवारी मी मनुके भिजत घातले. कोणी विचारलं तर का ते सांगता आलं नसतं. तू विचारलं असतंस तर म्हणाले असते, रस तरी करते ना. पहिला रस पिळून झाला, उकळीला ठेवला, चोथ्याचं फडकं ओट्यावर तसंच होतं. तेवढ्यात दारात पंच आले, बरोबर आमचे नवे पाळक, कोवळं पोरगं आहे, आणि त्यांच्या मागं तो, पांढऱ्या शर्टात. चपला बाहेर काढून आत आला. आमचं घर म्हणजे बाहेरची खोली आणि तिला लागून ओटा. बसलेल्या माणसाला पातेल्यातली वाफ दिसते. थोरले पंच म्हणाले, 'ताई, उद्याचा सण. तेवढी पोलिसातली तक्रार मागं घ्या, आन् दोघं जोडीनं मेजापाशी येऊ द्यात. घरातलं घरात मिटलेलं बरं असतंय.' तो रडत होता. अश्रू खरे होते, खोटं कशाला लिहू. 'आई, चुकलं माझं,' म्हणाला, आणि क्षणभर मला त्याची कीव आली. पाळक जमिनीकडे बघत बसले होते.

थोरल्या पंचांनी लेकीला हाक मारली. ती ओट्याजवळ येऊन उभी राहते. थोरले पंच म्हणतात, 'म्हण बाळा, माफ केलं.' ती दातांच्या फटीतून म्हणते, 'न्हाई.' स्पष्ट. खोलीत सगळ्यांना ऐकू जातं. हा उठतो, हसत, गालावरचं पाणी तसंच, तिच्याजवळ जातो आणि लाडानं तिची हनुवटी धरतो. 'तार काढली की बघा कशी बोलंल. म्हण की गं. येवढं म्हण की.' आणि बोटं दाबतो. त्याच जागी. तिच्या नाकातून ओला आवाज येतो, तसा आवाज मी एकदाच ऐकला होता, तुझ्या चौकटीपाशी. पंच बसलेले. चहाचे कप हातात. कोणी उठत नाही.

मी पदरानं पातेलं धरलं आणि त्याच्या पायांवर ओतलं.

त्यानं हनुवटी सोडली. असा किंचाळला की खालच्या मजल्यावरची माणसं वर आली. पायांची कातडी बघता बघता पांढरी पडून सुटायला लागली, त्यावर लाल रस, कोणतं काय ते कळेना. तो भिंतीला धरून खाली बसला आणि मी रिकामं पातेलं त्याच्या खांद्यात घातलं. जर्मनला पोचा पडला. मग दुसऱ्यांदा उचललं, डोक्याच्या वर. आणि तिथं, आई, मी तुझ्यासारखीच थांबले. का थांबले मला माहीत नाही. तू का थांबलीस हेही मी तुला कधी विचारलं नाही. इतक्या दिवसांत देव पहिल्यांदा जवळ वाटला तो त्या क्षणी, हात वर असताना, आणि त्यानं काही सांगितलं नाही, नुसता तिथं होता. मी पातेलं खाली ठेवलं.

त्याला उचलून रिक्षात घातलं. जाता जाता थोरले पंच दारात वळले आणि म्हणाले, 'आवं, पन उद्याच्या रसाचं काय?' शपथेवर सांगते, हेच म्हणाले. पाळक मागे राहिले. त्यांनी कोपऱ्यातलं पोतेरं घेतलं आणि गुडघ्यांवर बसून फरशी पुसायला लागले. 'काकू, मी तिला आधी विचारायला हवं होतं,' म्हणाले. 'मी कशाला आलो होतो?' मी म्हटलं, 'चहा प्यायला.' मला त्यांची दया वगैरे आली नाही. लेकीनं मात्र ओट्यावरचं फडकं उचललं, चोथा पोचा पडलेल्या पातेल्यात टाकला, पाणी घातलं आणि गॅस पेटवला. मी म्हटलं, 'अगं, हा दुसऱ्या पाण्याचा होईल.' ती म्हणाली, 'असू दे.' उकळल्यावर तिनंच पिळला. तिचे दात तर आधीच आवळलेले होते.

काल चर्चमध्ये मी शेवटच्या बाकावर बसले, चपलांशेजारी, तुझ्या जागी. माना वळत होत्या, कुजबुज चालली होती. पाळकांनी भाकर मोडली, प्याला उचलला. लेक एकटी उठली, मधून चालत गेली आणि गुडघ्यांवर बसली. भाकर तिच्या तोंडात जाईना. पाळकांनी तिचा कण प्याल्यात भिजवून दातांच्या फटीला लावला. मग तिनं पर्समधून स्ट्रॉ काढला आणि प्रभूच्या प्याल्यात घातला. थोरल्या पंचांची बायको खाकरली. माझी लेक स्ट्रॉनं ओढत होती आणि मला त्या बाकावर बसवेना. एवढा राग आला, आई. तुझ्यावर नाही, हो, तुझ्यावरही. मार दिला आप्पांनी, खोटं बोलायला लावलं पंचांनी, आणि उपाशी राहिलीस तू. रस तुझ्या हातांनी पिळलेला आणि तूच कोरडी. तू देवाला खोटं सांगितलं नाहीस हे खरं. पण खरं सांगूनही जाता आलं असतं. ते आपल्याला कुणी सांगितलंच नाही.

मी उठले. मनातली अढी जशीच्या तशी होती, वर आणखी त्याचे पाय भाजल्याचं पाप. गुडघ्यांवर बसले आणि देवाला म्हटलं, हे बघ, माफ केलेलं नाही. करायचं बळ नाही, आणि भाजल्याचं वाईटही वाटत नाही. वाईट वाटतं ते रस सांडल्याचं. आहे अशी आले आहे. हाकलायचं असेल तर हाकल. कोणी हाकललं नाही. रस तसाच लागला जसा तू मला द्यायचीस, फक्त गूळ नव्हता.

आता हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून राहिलेलंही लिहून टाकते. मंडळीला वाटतं मी संध्याकाळी नव्यानं मनुके आणून रस केला. मी तसं वाटू दिलं. तुझा नियम मोडला आणि गप्प बसले. आणि प्याला तोंडाला लावला तो लवकर सोडला नाही. पाळकांनी हळूच मागे ओढला, तरी मी धरून ठेवला. एकच घोट घ्यायची रीत आहे. मी दोन घेतले. दुसरा तुझा होता.